खेळ सुटण्याचे खरे कारण आणि लोकांना सांगितलेले कारण

डावाकोपरा

गेल्या महिन्यात जिने चढताना माझा उजवा गुडघा दुखू लागला, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एमआरआय काढायला सांगितला. अहवाल दाखवायला गेलो तेव्हा पत्नी सोबत होती. पूर्वी कधी गुडघ्याला मार लागला होता का, असे डॉक्टरांनी विचारताच मी तोंड उघडण्याआधीच ती सांगू लागली की, हे लालबागला कबड्डी खेळायचे, एकविसाव्या वर्षी यांचे लिगामेंट तुटले, नाहीतर महाराष्ट्राच्या संघात गेले असते. डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडावर धरली आणि म्हणाले, "लिगामेंट उत्तम आहे. जुन्या दुखापतीची काहीच खूण नाही. वयाप्रमाणे कूर्चा थोडी झिजली आहे, एवढेच." पत्नी म्हणाली, "मग डावा असेल." मी गप्प बसलो.

माझा कोणताही गुडघा कधीही तुटलेला नव्हता. १९९४ साली जिल्ह्याच्या संघासाठी झालेल्या निवड चाचणीत माझी निवड झाली नाही आणि ती न होणे योग्यच होते, एवढीच हकिकत आहे. ती सांगायला मला एकतीस वर्षे लागली.

आमचे घर गणेशगल्लीच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर होते. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि पुन्हा कधी आत गेले नाहीत. त्याआधी गिरण्यांचे स्वतःचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला खात्यात चिकटवून घेतले जाई. संपानंतर ती वाट बंद झाली आणि बँका, रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या व मोटारींचे कारखाने यांच्या संघांची वाट तेवढी उरली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारताने सुवर्ण जिंकले. आपल्या गल्लीतला खेळ चीनमध्ये पोचल्याचे पाहून आमच्या चाळीतली सगळी पोरे मैदानात उतरली. आमच्या घरात मात्र त्या पदकाचा अर्थ सरळ होता. जिल्हा, मग राज्य आणि मग नोकरी.

मी डावा कोपरारक्षक होतो, म्हणजे बचावाच्या फळीत डाव्या टोकाला उभा राहणारा. बहुतेक चढाईपटू उजवे असल्यामुळे ते आपल्याच अंगावर येतात आणि पकडीची पहिली संधी व पहिली चूक दोन्ही आपल्या वाट्याला येतात. माझी घोट्याची पकड आमच्या वस्तीत प्रसिद्ध होती. संध्याकाळी पाणी मारलेल्या मातीवर फक्कीच्या रेषा आखल्या जात, हॅलोजन लागत, चाळीच्या गॅलऱ्या भरत, आणि मी पाय पकडला की वरून कोणीतरी हमखास थाळी वाजवी. कोपराची कातडी सोललेली असे आणि तिच्यावर माती वाळून पापुद्रा धरलेला असे. तो पापुद्रा आंघोळीच्या वेळी पाण्याने भिजवून सोडवावा लागे. आजही दोन्ही कोपरांवर ते डाग आहेत. शरीरावरची खरी खूण तीच.

चाचणीच्या दिवशी आणखी एक डावा कोपरारक्षक आला होता. तो परळ-नायगावच्या बाजूचा, माझ्यापेक्षा वर्षाने लहान आणि अंगाने हलका होता. मी चढाईपटूच्या हाताकडे पाहत असे आणि बहुतेक वेळा अंदाज बरोबर येई. हा मुलगा हाताकडे बघतच नव्हता. त्याची नजर टाचेवर असे. टाच उचलली जाण्याआधीच त्याचा हात निघालेला असे. अर्ध्या तासात त्याने चौघांना पकडले, मी एकाला. पाचव्या वेळी तो हुकला तेव्हा मला झालेला आनंद आठवला की आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बारा नावांची यादी लागली. मी ती तीनदा वाचली आणि वडाळ्याहून लालबागपर्यंत चालत आलो. दारात आईने विचारले, "काय झाले रे?" मी म्हणालो, "गुडघा मुरगळला." हे आधी ठरवलेले नव्हते, तोंडातून निघून गेले. मग ते निभावण्यासाठी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणले आणि दोन आठवडे लंगडलो. एकदा बँडेज चुकून दुसऱ्या पायाला बांधले गेले. ते फक्त धाकट्या बहिणीच्या लक्षात आले, आणि तिने ते कोणाला सांगितले नाही. पुढे मित्रांना, मग कचेरीत, मग लग्नाच्या बोलणीत तीच गोष्ट सांगत गेलो. २०१४ साली वरळीच्या बंदिस्त स्टेडियमवर प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना झाला, तेव्हा कचेरीतल्या मंडळींबरोबर तिथे बसूनही मी ती सांगितली. तोपर्यंत तिच्यात लिगामेंट आले होते आणि शस्त्रक्रिया परवडली नाही असे एक करुण वाक्यही आले होते.

इथे तरुणपणी स्पर्धात्मक खेळ खेळलेले बरेच जण आहेत. तुमचा खेळ खरोखर कशामुळे सुटला आणि तुम्ही लोकांना काय सांगत आलात, हे वाचायला आवडेल.

शीवकर

धागा वाचून हसू आले आणि मग फार वेळ हसता आले नाही. माझे कारण 'दहावीचे वर्ष' हे होते. मी यष्टिरक्षक होतो आणि शाळेकडून हॅरिस शील्ड ही मुंबईतली शालेय क्रिकेट स्पर्धा खेळलो. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन मुलांनी उपान्त्य सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली, त्या वर्षी आम्हीही त्याच स्पर्धेत होतो. आमची शाळा आधीच बाद झाली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सचिन तेंडुलकर नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी नाबाद ३४९ हे आकडे वाचले, आणि मी वडिलांना म्हणालो की, आता अभ्यासाला लागतो. वडिलांना वाटले, मुलगा सुधारला.

पुढे चार-पाच वर्षे मी कांगा लीगमध्ये खालच्या गटात खेळलो. १९४८ पासून ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात. खेळपट्ट्या झाकत नाहीत. चेंडू कधी घोट्याजवळून सरपटत जातो, तर कधी टप्पा पडून थेट हनुवटीवर येतो. अशा खेळपट्टीवर स्टंपांना चिकटून यष्टिरक्षण करणे हा मूर्खपणा आहे आणि तो मी फार प्रेमाने केला. ओल्या ग्लोव्हजचा वास लोकलच्या डब्यात पसरला की माणसे सरकून जागा देत, हा एक फायदा.

डावाकोपरा, तुमची निवड झाली नाही त्यावरून एक आठवण करून देतो. शिवाजी पार्कवर घडलेले पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, कारण त्यांच्याच काळात बिशनसिंग बेदी त्याच प्रकारची गोलंदाजी करत होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचेही तेच झाले. ६६४ च्या त्या भागीदारीत पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा अमोल मुझुमदार होता. पुढे त्याने प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा केल्या, पण भारताची टोपी त्यालाही मिळाली नाही. एका जागेवर एकच जण खेळतो. अशी माणसे काय कारण सांगत असतील, असा विचार मनात आला की लक्षात येते की त्यांना कारण सांगावे लागत नाही, त्यांचे आकडे छापलेले आहेत. आपल्यासारख्यांचे आकडे कुठेच नसतात, म्हणून आपल्याला गोष्ट रचावी लागते.

पाटीवरची

माझी गोष्ट तुमच्या उलट आहे आणि ती मी पहिल्यांदाच लिहीत आहे.

मी दादरला खो-खो खेळायचे. संरक्षणात माझा साखळी खेळ चांगला होता आणि आक्रमणात खांबावर सूर मारण्यासाठी मला बसवत असत. १९९१ साली राज्याच्या कुमारी गटाच्या सराव शिबिरासाठी माझी निवड झाली. शिबिर मुंबईबाहेर होते आणि मुक्काम तीन आठवड्यांचा होता. वडिलांनी पत्र वाचले, घडी घालून कपाटात ठेवले आणि म्हणाले, "मुलीने इतके दिवस बाहेर राहणे आपल्याकडे चालत नाही." आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मैदानावर मैत्रिणींनी विचारले तेव्हा मी सांगितले की माझी निवड झालीच नाही, यादीत चुकून नाव आले होते. वडिलांना कोणी नावे ठेवू नयेत, म्हणून मी स्वतःला कमी खेळाडू ठरवले. तुम्ही न झालेली दुखापत सांगितलीत, मी झालेली निवड नाकारली. त्यातली एक मैत्रीण अजूनही भेटली की मला धीर देते की, "निवडीचे मनावर घेऊ नकोस, तू वाईट खेळत नव्हतीस." मी मान डोलावते.

त्या काळात राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम कुमारी खेळाडूला जानकी पुरस्कार मिळत असे. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तो शब्द वेगवेगळ्या वळणांत लिहून पाहिलेला आहे. मला तो मिळाला असता, असे मी म्हणत नाही, कारण शिबिरातल्या इतर मुली कशा खेळत होत्या हे मी पाहिलेच नाही. डावाकोपरा, म्हणूनच मला तुमचा थोडा हेवा वाटतो. तुमच्यापेक्षा चांगला खेळणारा मुलगा तुम्ही डोळ्यांनी पाहिलात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. मी तो सामना मोबाइलवर पाहत होते आणि शेजारी वडील बसले होते. आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. मुली मॅटवर सूर मारताना पाहून ते म्हणाले, "यांना लागत नाही का?" मी म्हटले, "लागते." पुढे आम्ही दोघेही काही बोललो नाही आणि सामना पाहत राहिलो.

बदली कामगार

मूळ लेखातल्या एका वाक्याशी मी सहमत नाही. निवड न होणे 'योग्यच होते' असे आपण फार उदारपणे लिहिले आहे. मीही त्याच दशकात त्याच भागात चढाईपटू म्हणून खेळत होतो आणि तीन चाचण्या दिल्या. त्यांपैकी एका चाचणीत यादी आदल्या रात्रीच तयार झाली होती, हे मला यादीतल्याच एका मुलाने नंतर सांगितले. ज्या संघाचा माणूस निवड समितीवर असे, त्या संघाचे दोन खेळाडू जास्त निघत. श्रमिक जिमखान्याच्या कट्ट्यावर सामन्यापेक्षा याच विषयावर अधिक चर्चा व्हायची.

माझ्याबद्दल सांगायचे तर मी कधीच गुडघ्याचे नाव घेतले नाही. मी सरळ वशिल्याचे कारण सांगत आलो आणि अजूनही सांगतो. आपला धागा वाचल्यावर उरलेल्या दोन चाचण्यांत काय झाले, याचा मी विचार करू लागलो. एकीत मी पहिल्या तीनही चढायांत पकडला गेलो होतो. ती चाचणी मी कोणाला सांगितल्याचे आठवत नाही.

शिट्टी

मी आधी खेळाडू, मग पंच आणि काही वर्षे निवडीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे थोडे लिहितो.

बदली कामगार म्हणतात ते पूर्ण खोटे नाही. बारा जणांच्या यादीत पहिली सात-आठ नावे मैदानावरच ठरतात आणि ती ठरवायला निवड समितीचीही गरज नसते, प्रेक्षकही सांगतात. गडबड होते ती शेवटच्या दोन-तीन नावांत. तिथे ओळख, संघ, कोणाचा मुलगा, कोणाला नोकरीची निकड आहे, असे सगळे येते. मी स्वतः एकदा अकराव्या नावासाठी मान हलवली आहे, कारण त्या मुलाच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. ज्याचे नाव त्यामुळे गेले त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत नव्हती. पुढे २००५ पासून राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण मिळाले, तेव्हा तर या शेवटच्या नावांचे वजन फारच वाढले.

वजनावरून आठवले. किशोर आणि कुमार गटाच्या मुलांना वजनकाट्यावर उभे करायचे काम माझ्याकडे असे. मे महिन्याच्या उन्हात मुले दोन-दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत, घोटभर पाणीही पीत नसत आणि तोंडातली लाळ थुंकत बसत. काटा मर्यादेच्या आत थांबला की धावत जाऊन केळी आणि वडापाव खात. एक मुलगा काही ग्रॅमने अडला तेव्हा त्याने न्हाव्याकडे जाऊन डोके भादरून घेतले आणि परत आला. काटा जराही हलला नाही. त्या मुलाला बाद करताना माझा हात अडखळला होता, पण सही मीच केली. तो आज भेटला तर खेळ का सुटला म्हणून काय सांगत असेल, हे मला ऐकायचे आहे.

डावाकोपरा, तुम्ही वर्णन केलेला टाचेकडे पाहणारा मुलगा कोण, हे मला बहुधा कळले आहे. नाव इथे लिहीत नाही, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

मॅटवरचा

काका, मी चोवीस वर्षांचा आहे आणि मध्यरक्षक म्हणून खेळतो, म्हणजे खेळत होतो. गेल्या वर्षी मॅटवर चढाईपटूला अडवताना पाय जागेवर राहिला आणि अंग फिरले. गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट पूर्ण तुटले होते. शस्त्रक्रिया झाली, पहिले काही आठवडे मांडीचा स्नायू आकसून हाताएवढा झाला होता, आणि नऊ महिने पाय वाकवण्याचे व सरळ करण्याचे व्यायाम चालले आहेत.

राग मानू नका, पण एक सांगतो. मी गुडघा गेला असे म्हटले की आमच्या भागातली वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहून मंद हसतात. मला ते हसणे कळत नव्हते. तुमचा धागा वाचून कळले. तुमच्या पिढीने हे कारण इतके वापरले आहे की आमच्यासाठी त्यात काही शिल्लक ठेवलेले नाही. मला आता शस्त्रक्रियेचा व्रण दाखवावा लागतो.

एक प्रश्न मात्र खरा आहे. टाचेकडे पाहायचे म्हणजे नेमके कसे? आमचे प्रशिक्षक कमरेकडे पाहायला सांगतात.

डावाकोपरा

सर्वांचे आभार. मॅटवरचा, तुझ्याकडे मी माफी मागतो, आणि ही औपचारिकता नाही. पाटीवरची ताई, तुमचा प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवला. एमआरआयच्या दिवसापासून ती माझ्याशी बेताचेच बोलत होती. खोटे बोललो याचा तिला राग नव्हता. एवढी वर्षे हिवाळ्यात तिने माझ्या उजव्या गुडघ्याला तेल चोळले, त्या तेलाचा राग होता.

शिट्टी यांच्या निरोपामुळे त्या डाव्या कोपरारक्षकाचा पत्ता लागला आणि गेल्या रविवारी मी त्याला भेटून आलो. तो आता नायगाव सोडून डोंबिवलीला राहतो. चाचणीनंतर तो दोन वर्षे राज्याकडून खेळला, त्यावर त्याला नोकरी मिळाली आणि तिच्यातून त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली. मी स्वतःची ओळख दिली, साल सांगितले, मैदान सांगितले, मी कोणत्या बाजूला उभा होतो तेही सांगितले. त्याने पुष्कळ आठवून पाहिले. मी त्याला आठवलो नाही. त्याने ते लपवलेही नाही. 'त्या दिवशी बरेच जण होते' एवढेच म्हणाला आणि चहा मागवला.

त्याचे दोन्ही गुडघे खरोखरच गेले आहेत. उजव्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया झाली आहे आणि डाव्याची व्हायची आहे. जिना टाळावा म्हणून त्याने तळमजल्यावर घर घेतले आहे.

मॅटवरचा, तुझा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला की कंबर पाहणे बरोबर आहे, पण कंबर हुलकावणी देऊ शकते. अंगाचा भार ज्या पायावर आहे त्याची टाच जमिनीला घट्ट असते, आणि ती सुटू लागली की तो पाय आता तुझ्याकडे येणार किंवा मागे जाणार, तिसरे काही नाही. हे तोंडाने सांगून त्याचे समाधान होईना. करून दाखवायला तो उठला, पण गुडघा वाकेना, म्हणून त्याने मला उभे केले. बैठकीच्या खोलीतली तिपाई बाजूला सारली, फरशीच्या सांध्याला शेवटची रेषा धरले आणि मला कोपऱ्यात वाकायला लावले. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. मी जमेल तेवढा वाकलो, हात पुढे केले आणि त्याच्या टाचेवर नजर लावली.

"डावा पाय अजून मागे," तो म्हणाला. "आणखी. तेव्हाही तुझे हेच चुकत असणार."